पट्टीवरचा जिताडा

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड नावाचं राज्य आहे. तिथल्या खाड्यांमध्ये हौसेने गळ टाकायला निघालेल्या माणसाच्या होडीत तंगूस, आमिष आणि पाण्याच्या बाटलीसोबत एक लांब पट्टी असते. मासा वर आला की आधी पट्टीवर आडवा. तोंड मिटलेलं, शेपूट सरळ, नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत माप. मासा बारामुंडी असेल तर सगळ्यांचे डोळे पट्टीवरच्या दोन आकड्यांवर लागतात: 58 आणि 120. मासा 58 सेंटिमीटरपेक्षा लहान भरला तर पाण्यात परत. 120 पेक्षा मोठा भरला तरीही पाण्यात परत. मधला असेल तरच घरी न्यायचा. तोही अशा हिशेबाने, की एका माणसाजवळ एका वेळी पाचांपेक्षा जास्त बारामुंडी असता कामा नयेत.

हा बारामुंडी कोण? आपला जिताडा. पेण-अलिबागच्या खारेपाटात ज्याचं नाव निघालं की पाहुण्यांचे डोळे चमकतात, जावयासाठी जो मुद्दाम राखून ठेवतात, तोच. गोव्यात तो चोणक, बंगालात भेटकी. शास्त्राच्या वहीत या सगळ्यांचं नाव एकच आहे, लॅटेस कॅल्केरिफर. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत, जिथे जिथे गढूळ खाड्या, कांदळवनं आणि पावसाळी नद्या आहेत, तिथे हा मासा आहे.

मी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा 58 चा आकडा लगेच पटला. लहान मासा मारू नये हे कुठल्याही कोळीवाड्यातली म्हातारी सांगेल. अडलो तो 120 वर. दिवसभर उन्हात बसून चार फुटी, वीस किलोंहून जड मासा गळाला लागतो, हात भरून येतात, आणि कायदा म्हणतो सोडून दे? ज्या माशासाठी माणूस आयुष्यभर गळ टाकतो, नेमका तोच का सोडायचा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला कळलं की त्या पट्टीवर या माशाचं अख्खं आयुष्य कोरलेलं आहे. ते आयुष्य इतकं अद्भुत आहे, की तेव्हापासून ताटातल्या जिताड्याच्या तुकडीकडे मी पूर्वीच्या नजरेने पाहू शकलेलो नाही.

आधी 58. जगभरात माशांच्या किमान मापामागे एक साधा हिशेब असतो. एकाच जातीचे पुष्कळ मासे तपासायचे आणि कोणत्या लांबीला त्यातले निम्मे वयात आलेले असतात ते पाहायचं. किमान माप त्या लांबीच्या आसपास किंवा थोडं वर ठेवलं, की पकडला जाण्याआधी माशाला निदान एकदा तरी वंश पुढे न्यायची संधी मिळते. माशाचं वय कळतं ते त्याच्या कानातल्या खड्यावरून. माशाच्या डोक्यात चुन्याचे बारीक खडे असतात, शरीराचा तोल सांभाळायला. त्यांवर वर्षागणिक थर चढतात. खडा कापून भिंगाखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं मोजता येतात. क्वीन्सलँडमध्ये हौशी मासेमार मासा साफ करून झाल्यावर उरलेला सांगाडा डोक्यासकट सरकारी संशोधकांना देतात. या उपक्रमाचं नाव आहे कीन अँगलर प्रोग्रॅम. मासा चुलीवर जातो आणि त्याचं वय प्रयोगशाळेत.

या हिशेबाने पाहिलं तर 58 सेंटिमीटरचा जिताडा साधारण तीन-चार वर्षांचा, नुकता वयात आलेला. आता खरी गंमत. या मापाचे मासे एकामागून एक चिरून पाहिले, तर बहुतेक सगळे नर निघतात. माद्या कुठे आहेत? माद्या मोठ्या माशांत आहेत. आणि मोठ्यांत जवळजवळ सगळ्याच माद्या आहेत.

याचा अर्थ आर. मूर यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नीट उलगडला. त्यांनी तपासलेले मासे पापुआ न्यू गिनीतले होते. त्यातून स्पष्ट झालं की जिताडा आधी नर असतो आणि नंतर मादी होतो. काही हंगाम नराची भूमिका निभावली, अंगाने 80 ते 100 सेंटिमीटरपर्यंत वाढला, की त्याच्या शरीरातली नराची ग्रंथी विरत जाते आणि त्याच जागी अंडाशय तयार होतं. गेल्या हंगामात जो बाप होता, तो या हंगामात आई असतो. त्याच शरीरात, त्याच खाडीत.

निसर्ग असं का करतो? हिशेब मांडला की कळतं. शुक्रजंतू तयार करायला मोठं शरीर लागत नाही. दोन-अडीच किलोंचा तरुण मासाही हवे तेवढे करू शकतो. अंड्यांचं तसं नाही. अंड्यात पोषण भरावं लागतं, आणि पोटात जेवढी जागा तेवढीच अंडी. मग लहान असताना बाप व्हावं आणि मोठं झाल्यावर आई, यातच वंशाचा सर्वांत जास्त फायदा. सगळ्या माशांना हाच मार्ग लागू पडतो असंही नाही. आपल्या हेकरूच्या कुळात नेमकं उलटं आढळतं: आधी मादी, मग नर. तिथे मोठा नर जागा धरून बसतो, माद्या राखतो, म्हणून मोठेपणाचा फायदा नराला. जिताड्याकडे असा जागेचा धनी कोणी नाही. तिथे मोठेपण आईच्या कामी येतं.

आता पुन्हा त्या पट्टीकडे पाहू. समजा कायद्यात फक्त 58 ची रेषा असती. मग त्यापुढचा प्रत्येक मासा घेण्याजोगा ठरला असता. लहानपणी वाचलेला, नर म्हणून जगलेला मासा मादी होण्याच्या वाटेवर असतानाच गळाला लागला असता. या वाटेवर दर वर्षी थोडे थोडे मासे गळत गेले, तर टोकाला किती पोहोचतील? खाडीत नर भरपूर आणि माद्या मोजक्या, अशी अवस्था व्हायला वेळ लागत नाही. किमान मापाचा नियम तंतोतंत पाळूनही एखादी जात धोक्यात येऊ शकते ती अशी. म्हणून दुसरी रेषा हवी. 120 ची रेषा सांगते की इथवर जो पोहोचला तो आता कोणाचा नाही, खाडीचा आहे.

ती आई किती मोलाची असते? 120 सेंटिमीटरच्या आसपासच्या मादीच्या गाभोळीत तीन ते चार कोटी अंडी असतात असा अंदाज दिला जातो. एका अंड्याचा व्यास मिलिमीटरपेक्षाही कमी. आपल्याकडे गाभोळीचं जे कौतुक आहे ते मला मान्य आहे, माझ्याही घरी ती तव्यावर पडली की आधी कोणाला वाढायची यावर वाद होतो. पण तीन कोटी ही संख्या मनात धरून ती गाभोळी डोळ्यांसमोर आणली, की हात थोडा थबकतो.

इथे आणखी एक गोष्ट कळली, आणि ती एकट्या जिताड्यापुरती नाही. पूर्वी असं धरून चालत की दुप्पट वजनाची मादी दुप्पट अंडी देते. 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात डिएगो बार्नेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्री माशांच्या 342 जातींचा हिशेब मांडला. बहुतेक जातींत मोठी मादी आपल्या वजनाच्या प्रमाणापेक्षा किती तरी जास्त अंडी देते. त्यांनी दिलेलं उदाहरण अटलांटिकमधल्या कॉड माशाचं आहे: 30 किलोंची एक मादी ही 2 किलोंच्या 28 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. त्या 28 जणींचं एकूण वजन 56 किलो. वजनाने जवळजवळ दुप्पट असूनही त्या मागे पडतात. म्हणजे एक थोराड मादी काढून घेतली आणि तिच्या बदल्यात तेवढ्याच वजनाचे लहान मासे पाण्यात ठेवले, तर हिशेब जुळत नाही.

क्वीन्सलँडच्या नियमात एक अपवाद आहे. मला तो सगळ्यात आवडतो, कारण तो पाहिला की नियम करणाऱ्यांनी माशाचं आयुष्य किती बारकाईने वाचलं होतं ते दिसतं. तिथल्या काही धरणांच्या जलाशयांत हौशी मासेमारीसाठी बारामुंडीची पिल्लं सोडतात. ठरावीक जलाशयांत 120 पेक्षा मोठा एक मासा घ्यायला परवानगी आहे. तिथेच का? जिताडा गोड्या पाण्यात मजेत वाढतो, पण अंडी घालायला त्याला समुद्राचं खारं पाणी लागतं. पावसाळ्यात तो खाडीच्या मुखाशी उतरतो, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास अंडी घालतो, आणि भरतीचं पाणी ती अंडी आत कांदळवनाकडे घेऊन येतं. धरणाच्या भिंतीमागे अडकलेली मादी कितीही मोठी झाली तरी तिला हा प्रवास नाही. तिच्या पोटातली कोट्यवधी अंडी कधीच पिल्लं होणार नाहीत. म्हणून तिथे 120 ची रेषा थोडी सैल. माप तेच, मासाही तोच, पण समुद्राची वाट बंद आहे, तेव्हा नियमही बदलला. आणि ग्लॅडस्टोनजवळच्या अवूंगा धरणातल्या माशांसाठी ही वाट एकदा उघडलीही होती. 2010-11 च्या महापुरात धरण भरून वाहू लागलं आणि हजारो बारामुंडी सांडव्यावरून खालच्या नदीत जाऊन पडले.

त्याच देशातल्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात हेच तत्त्व आणखी कडक आहे. तिथे किमान 55 आणि कमाल फक्त 80 सेंटिमीटर, आणि दिवसाला दोनच मासे. 80 ला रेषा ओढली म्हणजे नराची मादी होण्याचा काळ जवळजवळ पूर्णच संरक्षणात आला.

मोठे मासे उचलत राहिलं की काय होतं, याचा सर्वांत बोलका पुरावा मला ऑस्ट्रेलियात नाही, अमेरिकेत सापडला. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचं बेट आहे. हौशी मासेमारांना समुद्रात घेऊन जाणाऱ्या बोटी तिथे वर्षानुवर्षं चालतात. संध्याकाळी परत आल्यावर धक्क्यावरच्या फळीला दिवसभराचे मासे टांगायचे आणि शेजारी उभं राहून फोटो काढायचा, ही रीत. लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेने 1956 पासून 2007 पर्यंतचे असे फोटो जमवले आणि त्यातल्या माशांची मापं काढली. सुरुवातीच्या फोटोंत माणसांच्या उंचीचे गोबरे टांगलेले आहेत, शार्क आहेत. शेवटच्या फोटोंत वीतभर-हातभर मासे. त्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार बक्षिसाच्या माशाचं सरासरी वजन या पन्नास वर्षांत सुमारे 20 किलोंवरून 2.3 किलोंवर आलं. धक्का तोच, फळी तीच, आणि शेजारी उभ्या माणसांच्या चेहऱ्यावरचा आनंदही तोच. मला हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते. नातवाला आजोबांचा मासा ठाऊकच नसतो, तेव्हा हातभर मासा टांगूनही तो तितकाच खूश होतो. काय गेलं हे त्याला कळत नाही. एका पिढीचं मोठं हे पुढच्या पिढीच्या शब्दकोशात उरतच नाही. म्हणून आकडा लिहून ठेवावा लागतो. पट्टीला विसर पडत नाही.

आता संख्येकडे. पाच बारामुंडी, यातला पाच हा आकडा मापाइतका जीवशास्त्रातून आलेला नाही. तो वाटणीतून आला आहे. गळ टाकणाऱ्यांची संख्या सहसा कोणी मर्यादित करत नाही, सुट्टीच्या दिवशी जो येईल तो खाडीवर बसू शकतो. मग जे आहे ते सगळ्यांत पुरवायचं तर प्रत्येकाचा वाटा ठरवावा लागतो. कोळीवाड्यात जाळ्यातल्या मासळीचे वाटे पडतात, तसेच हे वाटे, फक्त आधी ठरलेले. आणि क्वीन्सलँडमध्ये तो वाटा दिवसाचा नाही, जवळ बाळगण्याचा आहे. घरच्या फ्रीजरमध्ये चार बारामुंडी पडून असतील तर आज एकच आणता येईल. हे ऐकल्यावर मला फार बरं वाटलं. या नियमाने हौस आणि साठेबाजी यांच्यातली रेषा थेट स्वयंपाकघरात नेऊन ओढली आहे. खा आणि मग पुन्हा जा, एवढंच तो सांगतो.

हा आकडा कायमचा कोरलेला नसतो. सुरमईच्या बाबतीत काय झालं पाहा. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर जिला स्पॅनिश मॅकरल म्हणतात ती आपल्याही बाजारात सुरमई म्हणूनच विकली जाते. 2021 च्या तपासणीत निघालं की मासेमारी सुरू होण्याआधी तिचा जेवढा साठा होता, त्याच्या सुमारे 17 टक्केच उरला आहे. तेव्हा हौशी माणसाचा वाटा तीन माशांवरून एकावर आला, 1 जुलै 2023 पासून. होडीत दोघे असोत की सहा जण, होडीमागे दोनच. गळ टाकणाऱ्यांच्या संघटना यावर नाराज झाल्या, व्यावसायिक मासेमारही झाले. नाराजी समजण्यासारखी आहे. पण 17 हा आकडा पाहिल्यावर मला दुसरा मार्ग दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कायद्यात पूर्ण लिहिता येत नाही, ती म्हणजे मासा सोडायचा कसा. सोडलेला मासा तासाभराने मेला तर पट्टीवरच्या रेषेला काही अर्थ उरत नाही. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचं चिलखत आहे. कोरड्या हाताने किंवा तापलेल्या फळीवर तो निघून येतो आणि मागून बुरशी धरते. म्हणून आधी हात ओले करायचे. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवायचा नाही. पाण्यात त्याच्या वजनाला पाण्याचा आधार असतो, हवेत ते सगळं वजन त्याच्या मानेवर आणि कण्यावर येतं. एक हात पोटाखाली हवाच. गरी खोल गिळली असेल तर ओढण्यापेक्षा तंगूस तोडणं बरं. आणि फोटो काढायचाच तर एवढ्या वेळात, जेवढा वेळ आपण स्वतः श्वास रोखून धरू शकतो.

माप आणि वाटा यांच्या जोडीला बंदीचा काळही असतो. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबरच्या दुपारी 12 पासून 1 फेब्रुवारीच्या दुपारी 12 पर्यंत बारामुंडीला हात लावता येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी का? कारण तिथला पावसाळा तेव्हा असतो. पृथ्वीच्या त्या अंगाला महिने उलटे, पण मासा तोच आणि त्याला ओढ लागते तीही त्याच पहिल्या पावसाची. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच पुन्हा दर्यात जातात. आपले पूर्वज पट्टी घेऊन बसले नव्हते, पण समुद्राला वर्षातून एकदा मोकळं सोडायला हवं हे त्यांना उमगलं होतं.

मापाचा नियम आता आपल्याकडेही आला आहे. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं. त्यात रुपेरी पापलेट 135 मिलिमीटर आणि बोंबील 180 मिलिमीटर. रुपेरी पापलेटला त्याच वर्षी राज्य माशाचा मान मिळाला. हे किमान माप प्रामुख्याने जाळ्याने मासेमारी करणाऱ्यांसाठी आहे, आणि ते पाळलं जायचं तर विकत घेणाऱ्याच्याही डोळ्यांत ते माप बसायला हवं.

म्हणून दोन विनंत्या आहेत. बाजारात टोपलीपुढे बसाल तेव्हा पापलेटाच्या शेजारी आपला हात आडवा धरा. साडेतेरा सेंटिमीटर म्हणजे अंगठा ते करंगळी ताणलेल्या वितीहूनही कमीच. मासा तेवढाही नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी कोळीणबाईंना नको म्हणा. आणि तुम्ही हौसेने खाडीवर गरी टाकत असाल, तर पिशवीत एक पट्टी ठेवा. रायगडच्या किंवा गोव्याच्या एखाद्या खाडीत कधी तीन-सव्वातीन फुटांचा जिताडा लागला, तर हात ओले करा, पोटाखाली आधार द्या, हवा तर एक फोटो काढा, आणि तिला जाऊ द्या. एवढ्या मापाचा जिताडा बहुधा मादी असतो.